फी नाही, झाडू आहे

प्रश्न : ताई, माझी भाची बारावीला आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं बेरिया नावाचं कॉलेज तिने शोधून काढलंय. तिथे म्हणे शिकवणीची फीच घेत नाहीत, पण काम करावं लागतं. फुकट म्हटलं की आम्हाला शंका येते. शिवाय ‘लिबरल आर्ट्स’ म्हणजे चित्रकलाच ना? मग पुढे पोटापाण्याचं काय? – काळजीत पडलेला मामा

उत्तर : मामा, आधी पोटापाण्याचं. लिबरल आर्ट्सचा चित्रकलेशी तेवढाच संबंध, जेवढा रसायनशास्त्राशी. विज्ञान, इतिहास, गणित, साहित्य, तत्त्वज्ञान या सगळ्यांत थोडं थोडं हिंडायचं आणि मग एका विषयात मुक्काम ठोकायचा, अशी ती पदवी. ही कॉलेजं बहुतेक लहान असतात. बेरियात जेमतेम दीड हजार मुलं आहेत. अशा ठिकाणी प्राध्यापकाचं पहिलं काम शिकवणं, संशोधन त्यानंतर.

फसवणूकही नाही. १८९२पासून तिथे शिकवणीची फी घेतलेली नाही. १९२०मध्ये विश्वस्तांनी एक शहाणा ठराव केला : मृत्युपत्राने आलेली रक्कम एखाद्या कामासाठी राखीव नसेल, तर ती खर्चायची नाही, कायम ठेवीत टाकायची. आज ती ठेव शंभर कोटी डॉलरच्या वर आहे आणि कॉलेजचा बराचसा गाडा तिच्या परताव्यावर चालतो. उरलेलं देणग्या आणि सरकारी मदतीतून. प्रवेश मात्र ऐपत नसलेल्यांनाच. पैसेवाल्याच्या हुशार मुलाला तिथे ‘दुसरीकडे बघ’ म्हणतात.

आता कामाचं. मी दोन वर्षं लेक्सिंग्टनला होते. तिथून दक्षिणेला तासाभराच्या आत बेरिया येतं. तिथल्या झाडूच्या कार्यशाळेत एक मुलगी दांड्याभोवती काड्यांची जुडी आवळत होती. दोरीचं रीळ पायाखाली दाबून धरलेलं, हाताने दांडा फिरवायचा, की दोरी ताणून बसते. काड्या ओळखीच्या वाटल्या म्हणून विचारलं, तर ती निघाली ज्वारीचीच एक जात, कणसापेक्षा तुऱ्यासाठी वाढवलेली! सातासमुद्रापार जाऊन मी ज्वारी बघत उभी. मुलगी जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. म्हणाली, ‘सकाळी प्रयोगशाळा, दुपारी झाडू.’ तिथे प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास काम असतं. कुणी विणकामाच्या मागावर, कुणी ग्रंथालयात, कुणी कॉलेजच्याच १९०९पासून चालत आलेल्या बून टॅव्हर्न हॉटेलात. थोडा मोबदला मिळतो आणि कामाचंही मूल्यमापन होतं.

हे आपल्या ‘कमवा आणि शिका’सारखंच, असं तुम्ही म्हणाल. फरक एकच, पण मला तो फार मोठा वाटतो. माझ्या कॉलेजात त्या योजनेत आम्ही अकरा जण होतो. बागेला पाणी घालताना वर्गातली मुलं व्हरांड्यातून बघत असत, आणि वर्गात सरांनी ‘योजनेतले विद्यार्थी उभे राहा’ म्हटलं की मान खाली जायची. बेरियात कुणाला उभं करणार? झाडून सगळेच योजनेत!

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही बेरियाला ‘गुलामगिरीविरुद्ध उभं राहिलेलं कॉलेज’ म्हटलंत. दक्षिणेत हे जमलं कसं? – एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, सहज नाही जमलं. जॉन फी हा केंटकीचाच पाद्री, गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मलेला. बापाने त्याला घराबाहेर काढलं. कॅशियस क्ले नावाच्या जमीनदाराने त्याला जागा दिली. (मुष्टियोद्धा मुहम्मद अली आठवतो? त्याच्या वडिलांचं नाव याच क्लेवरून ठेवलेलं आणि तेच पुढे त्याला मिळालं. मुहम्मद अली तो नंतर झाला.) तिथे १८५५मध्ये एका खोलीची शाळा निघाली. रविवारी तेच चर्च. गुलामगिरी अजून कायदेशीर होती. १८५९च्या ऑक्टोबरात जॉन ब्राऊन या गुलामगिरीच्या कट्टर विरोधकाने हार्पर्स फेरी गावच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला आणि दक्षिणेत घबराट उडाली. डिसेंबरात हत्यारबंद लोक बेरियात आले : दहा दिवसांत राज्य सोडा. जॉन फी आणि शिक्षक गेले.

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर ते परतले. १८६६च्या पटावर १८७ विद्यार्थी होते, ९६ काळे आणि ९१ गोरे. मुलीही त्यांच्याच बाकांवर. पहिल्या पदव्या १८७३मध्ये दिल्या गेल्या. त्याच वर्षी जोतीरावांची ‘गुलामगिरी’ निघाली, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलेली. बेरिया त्यांच्या कानावर होतं की नाही, कुणास ठाऊक. पण ती अर्पणपत्रिका वाचताना मला जॉन फीच आठवतो.

आता न आवडणारा भाग. १८९२मध्ये आलेले अध्यक्ष फ्रॉस्ट यांनी डोंगराळ अ‍ॅपलेशियातल्या गरीब गोऱ्या मुलांवर लक्ष वळवलं. त्या नावाने देणग्याही बऱ्या येत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काळ्या मुलांचं प्रमाण पाचव्या हिश्श्याच्याही खाली आलं होतं. तेवढंही सरकारला खुपलं. १९०४मध्ये कार्ल डे या आमदाराने कायदा आणला : काळे-गोरे एकत्र शिकवाल तर हजार डॉलर दंड. बेरियाला दंड झाला, कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि १९०८मध्ये हरलं. न्यायालयाने मूळ प्रश्नाला बगल दिली. कॉलेज ही राज्याच्या सनदेवर चालणारी संस्था, तेव्हा राज्य तिला अटी घालू शकतं, एवढंच म्हटलं. दोघा न्यायाधीशांनी असहमती नोंदवली. हार्लन, जे स्वतः केंटकीचेच, आणि दुसऱ्यांचं आडनाव होतं डे! योगायोगाला विनोदबुद्धी असते.

कॉलेजने काळ्या मुलांना फिस्कसारख्या काळ्यांसाठीच्या कॉलेजांत शिकायला मदत केली आणि पैसा उभा करून १९१२मध्ये त्यांच्यासाठी लिंकन इन्स्टिट्यूट ही वेगळी शाळा काढली. बेरियाचं दार त्यांना पुन्हा उघडलं ते १९५०मध्ये, कायदा सैल झाल्यावर. एवढी वर्षं ‘देवाने सर्व लोक एकाच रक्ताचे घडवले’ हे बायबलमधलं ब्रीद मात्र कायम होतं. मला हे सलतं.

कार्टर वुडसन थोडक्यात वाचला. कोळशाच्या खाणीत राबलेला हा तरुण १९०३मध्ये, म्हणजे कायद्याच्या आदल्याच वर्षी, बेरियातून पदवी घेऊन गेला. १९२६मध्ये त्याने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला. आता त्याचा महिना झाला आहे.

ता. क. : मामा, भाचीला सांगा, परदेशी मुलांच्या जागा अगदी थोड्या असतात आणि राहण्या-जेवणाचे, विमानाचे पैसे हा वेगळा हिशेब. तो कॉलेजकडून लेखी मागवा. आणि तिथला एक झाडू मी विकत आणला होता. येणारे-जाणारे ‘भिंतीवर लावा, शोभेल’ म्हणतात. मी त्याने गॅलरी झाडते.