टेक्सासमधलं होमस्टेड एक्झेम्प्शन: अर्ज, कॅप आणि घराची जप्ती

प्रश्न असा आहे: जून २०२४ मध्ये फ्रिस्कोला घर घेतलं, राहत्या घरावरच्या प्रॉपर्टी टॅक्समधली सूट (होमस्टेड एक्झेम्प्शन) आपोआप लागते का? आणि नोकरी गेली तर घर जप्त होऊ शकतं का?

सूट आपोआप लागत नाही. ५०-११४ नंबरचा फॉर्म तुमच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (टॅक्ससाठी घराची किंमत ठरवणारं काउंटीचं कार्यालय) भरावा लागतो, शक्यतो ३० एप्रिलच्या आत. फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंटींत पसरलंय, तेव्हा घर कुठल्या काउंटीत येतं ते आधी बघा. अर्ज बहुतेक वेळा अडकतो तो ड्रायव्हिंग लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता राहिल्यामुळे. तो आधी बदलून घ्या. नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे एच-वन-बीवाल्यांनीही बिनधास्त भरावा. घर मात्र स्वतःच्या राहण्याचं हवं. फी शून्य आहे; पैसे मागणारी खासगी कंपन्यांची पत्रं सरळ टाकून द्या. मुदत टळली असली, तरी त्या वर्षाचा टॅक्स थकीत धरला जातो त्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत अर्ज घेतात.

२०२५ पासून स्कूल टॅक्ससाठी (प्रॉपर्टी टॅक्सचा शाळांसाठीचा भाग) घराच्या किमतीतून १,४०,००० डॉलर वजा होतात. स्कूलचा दर शंभर डॉलरला एक डॉलर धरला, तर वर्षाला १,४०० डॉलर वाचले. मॉर्टगेजचा हप्ता लगेच उतरणार नाही, एस्क्रोचा (हप्त्यातून टॅक्ससाठी बाजूला काढलेल्या पैशांचा) हिशोब नव्याने होईपर्यंत थांबावं लागतं.

माझ्या मते याहून मोठा फायदा दहा टक्क्यांच्या कॅपचा, म्हणजे वाढीवरच्या मर्यादेचा आहे. बाजारभाव कितीही चढला तरी टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पण ही कॅप सूट लागू झाल्याच्या पुढच्या वर्षापासून धरतात. तुमची सूट १ जानेवारी २०२५ पासून लागली, तर कॅप २०२६ पासून. म्हणजे अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या २०२५ च्या किमतीच्या नोटिशीतली उडी कॅपखाली येत नाही. अशा उडीवर त्या वर्षी प्रोटेस्टच (लेखी हरकत) करायचा, १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली जी तारीख नंतरची असेल तोपर्यंत. घरामागे स्विमिंग पूल बांधलात, तर त्याची वाढीव किंमत कॅपच्या बाहेर धरतात. आईवडिलांसाठी काही महिने भारतात जावं लागलं, तरी गैरहजेरी दोन वर्षांहून कमी असेल, परत यायचा इरादा असेल आणि दुसरीकडे मुख्य घर केलं नसेल, तर सूट टिकते.

जप्तीचं संरक्षण वेगळं आहे. ते राज्यघटनेतूनच येतं, या फॉर्मवर अवलंबून नाही. क्रेडिट कार्डाच्या किंवा हॉस्पिटलच्या थकबाकीसाठी राहतं घर विकायला लावता येत नाही. शहरात दहा एकरांपर्यंतच्या जमिनीला हे संरक्षण आहे, किंमत कितीही असो. मॉर्टगेज, होम इक्विटी लोन (घर तारण ठेवून काढलेलं कर्ज), प्रॉपर्टी टॅक्स आणि केंद्राचा आयकर यांच्यापुढे मात्र हे कवच चालत नाही. एचओएचे (वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेचे) पैसेही थकवू नका. घर घेण्याआधीपासून नोंदलेल्या नियमांत तशी तरतूद असेल, तर एचओए राहत्या घरावरही फोरक्लोजर (थकबाकीसाठी घराची विक्री) आणू शकते. टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्येच ते मान्य केलंय. नोकरी गेली तर क्रेडिट कार्डाच्या आधी मॉर्टगेज, टॅक्स आणि एचओएचे पैसे भरा.