पंचांचे बोट वर गेल्यानंतर

(या अंकाच्या प्रश्नोत्तरांसाठी ‘खेळ आणि खिलाडूवृत्ती’ हा विषय दिला होता. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.)

माझा तेरा वर्षांचा मुलगा क्रिकेट शिकतो. गेल्या महिन्यातील एका सामन्यात चेंडू त्याच्या बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाकडे गेला. पंचांनी त्याला नाबाद ठरवले, तरीही तो स्वतःहून तंबूत परतला. संघ चार धावांनी हरला आणि प्रशिक्षकांनी सर्वांसमोर त्याला सुनावले, की निर्णय देणे हे पंचांचे काम आहे, तुझे नव्हे. तेव्हापासून मुलगा गप्प आहे. त्याला काय सांगावे?
— एक पालक, डोंबिवली

प्रशिक्षकांचे म्हणणे नियमाला धरून आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. पंचांनी बाद दिलेले नसताना फलंदाजाने परतलेच पाहिजे, अशी सक्ती क्रिकेटचा कोणताही नियम करत नाही. न परतणारे कितीतरी नामवंत फलंदाज होऊन गेले आणि त्यांना कोणी लबाड ठरवले नाही. २००३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेविरुद्ध ऑस्ट्रेलियाचा ॲडम गिलख्रिस्ट पंचांनी नाबाद दिलेले असताना चालू लागला, तेव्हा त्याच्याच संघातील सहकारी चकित झाले होते. म्हणजे आपल्या मुलाने जे केले ते त्या पातळीवरही विरळाच आढळते.

तरीही मी त्याला एक जुना सामना सांगेन, आणि तो धावफलकासह सांगेन. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. (१६ फेब्रुवारीला खग्रास सूर्यग्रहण होते, म्हणून विश्रांतीचा दिवस त्या दिवशी ठेवण्यात आला होता. आजच्या वेळापत्रकात सूर्यालाही इतका मान मिळाला नसता.) भारताने पहिल्या डावात २४२ धावा केल्या आणि इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ अशी झाली. कपिल देवच्या गोलंदाजीवर बॉब टेलर यष्टिरक्षकाकडे झेल गेल्याचे अपील झाले आणि पंच हनुमंतराव यांनी बोट वर केले. टेलर घुटमळला. पहिल्या स्लिपमध्ये उभे असलेले भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांची खात्री होती, की चेंडू बॅटला लागलेलाच नाही. त्यांनी पंचांना अपील मागे घेत असल्याचे सांगितले आणि टेलरला परत खेळायला बोलावले.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी येथेच थांबवली जाते, आणि त्यामुळे ती गोड पण पोकळ होते. पुढे काय झाले ते असे. टेलरने तासन्‌तास किल्ला लढवत ४३ धावा काढल्या आणि इयान बोथमबरोबर सहाव्या गड्यासाठी १७१ धावांची भागीदारी केली. बोथमने ११४ धावा केल्या आणि सामन्यात १३ बळी घेतले. इंग्लंड २९६, भारताचा दुसरा डाव १४९, आणि पाहुण्यांनी एकही गडी न गमावता सामना जिंकला. विश्वनाथ यांच्या नेतृत्वाखालचा तो दुसरा आणि शेवटचा कसोटी सामना ठरला. ५ बाद ५८ वर सहावा गडी मिळत असताना तोंडचा घास त्यांनी स्वतः बाजूला ठेवला होता, आणि त्याचा हिशेब चार दिवसांच्या खेळात पुरा झाला.

आपल्या मुलाच्या वाट्याला त्याच हिशेबातील चार धावा आल्या आहेत. ‘तू केलेस ते योग्यच होते, हार-जीत महत्त्वाची नसते’ असे त्याला कृपया सांगू नका, कारण ती महत्त्वाची असते हे त्याला ठाऊक आहे आणि म्हणूनच तो गप्प आहे. त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत इतर दहा मुलांनीही मोजली, हे त्याला मोकळेपणाने कळू द्यावे. प्रशिक्षकांच्या रागामागेही तेच असावे. प्रशिक्षकांशी मात्र आपण एकांतात बोला. आपल्या संघाने अशा वेळी काय करायचे हे सामन्यापूर्वी सर्वांनी मिळून ठरवावे, म्हणजे तो भार एकट्या मुलावर पडणार नाही, अशी विनंती त्यांना करता येईल. सर्वांसमोर सुनावणे मात्र चूकच होते, आणि त्यासाठी क्रिकेटचा नियम उघडून पाहण्याची गरज नाही.

मी महाविद्यालयीन संघात गोलंदाजी करते. चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या बिनटोल्याच्या (नॉन-स्ट्रायकर) फलंदाजाला मी धावबाद केले, तर प्रतिस्पर्धी संघाने हस्तांदोलनही केले नाही. आमच्याच बाई म्हणाल्या, ‘हे खिलाडूवृत्तीला शोभत नाही.’ आपले मत काय?
— एक खेळाडू, नाशिक

माझे मत आपल्या बाजूने आहे, आणि कारणही वरच्या उत्तरातूनच निघते. विश्वनाथ यांनी टेलरला बोलावले ते दयेपोटी नव्हे. टेलर प्रत्यक्षात बाद नव्हता आणि ते विश्वनाथ यांना दिसले होते. आपल्या प्रसंगात फलंदाज प्रत्यक्षात क्रीजबाहेर होती. जे घडले तेच आपण पंचांना दाखवले.

या प्रकाराला भारताचे गोलंदाज विनू मंकड यांचे नाव (‘मंकडिंग’) चिकटले ते डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला असे बाद केले. त्याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राऊनला प्रथम ताकीद दिली होती आणि तो ऐकत नाही असे पाहून बादही केले होते, म्हणजे ब्राऊनला कल्पना नव्हती असे म्हणायला जागा नाही. वृत्तपत्रांत टीका झाली, पण ज्यांच्या संघाचा गडी गेला होता त्या डॉन ब्रॅडमन यांनी पुढे आत्मचरित्रात मंकड यांचीच बाजू उचलून धरली. कायद्याने वागलेल्या गोलंदाजाचे आडनाव पाऊण शतक दूषण म्हणून वापरले गेले आणि धावा चोरणाऱ्या फलंदाजाच्या नावाने मात्र कोणताही शब्द रूढ झाला नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला असेच बाद केले आणि भारताने तो एकदिवसीय सामना १६ धावांनी जिंकला, तेव्हा पुन्हा तोच गदारोळ झाला. त्यानंतर आठवड्याभरातच, १ ऑक्टोबर २०२२ पासून, क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या एमसीसीने आधीच जाहीर केलेला बदल अमलात आला. बाद करण्याचा हा प्रकार ‘अयोग्य खेळ’ या कलमातून काढून साध्या ‘धावबाद’च्या कलमात घालण्यात आला. आपल्या बाईंना हे अवश्य दाखवा.

येथे वेस्ट इंडीजचा गोलंदाज कोर्टनी वॉल्श याचे नाव कोणीतरी काढणारच. १९८७ च्या विश्वचषकात लाहोरला पाकिस्तानची शेवटची जोडी खेळत होती. शेवटच्या चेंडूच्या वेळी सलीम जाफर क्रीज सोडून पुढे गेलेला असताना वॉल्श थांबला, त्याने जाफरला बाद केले नाही, आणि पाकिस्तानने एका गड्याने सामना जिंकला. वेस्ट इंडीज उपांत्य फेरीत पोहोचू शकले नाही. वॉल्शने जे केले ते औदार्य होते. औदार्याचे कौतुक होते, पण त्याची मागणी करता येत नाही. मागून घेतलेले औदार्य म्हणजे वर्गणी! आपण वॉल्शप्रमाणे वागला असता, तर मी आपले अभिनंदन केले असते. तसे वागला नाहीत, म्हणून आपल्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही, आणि हात न मिळवणाऱ्या संघाला तर मुळीच नाही.

केनियाचा धावपटू अंतिम रेषेआधी गोंधळून थांबला आणि मागच्या स्पॅनिश धावपटूने त्याला ढकलत ढकलत जिंकवले, असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो. शाळेच्या परिपाठात तो वाचून दाखवावा का?
— एक शिक्षिका, जिल्हा सातारा

जरूर, पण त्यावरची शोभेची वेलबुट्टी काढून. घटना खरी आहे. डिसेंबर २०१२ मध्ये स्पेनमधील नवारा प्रांतात बुर्लादा येथे क्रॉस-कंट्री शर्यत होती. ती ऑलिम्पिक स्पर्धा नव्हती, जरी अनेकदा तसे सांगितले जाते. केनियाचा आबेल मुताई, ज्याने त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत कांस्यपदक मिळवले होते, शर्यत संपली असे समजून रेषेच्या थोडे अलीकडे थांबला. त्याला स्पॅनिश येत नव्हते, त्यामुळे प्रेक्षक काय ओरडत आहेत ते त्याला उमगले नाही. मागून येणाऱ्या इव्हान फर्नांडेझ अनायाने पुढे निघून जाण्याऐवजी त्याला खुणेने रेषा दाखवली आणि स्वतः दुसरा आला.

मुलांना सांगण्यासारखा खरा भाग संदेशात सहसा नसतो. अनायाचे प्रशिक्षक मार्टिन फिझ हे स्वतः १९९५ चे मॅरेथॉन विश्वविजेते. शिष्य माणूस म्हणून मोठा ठरला हे त्यांनी मान्य केले, पण खेळाडू म्हणून त्याने संधी गमावली, असेही उघडपणे सांगितले. परिपाठात हे दोन्ही सांगा आणि वर्गाला विचारा, की फिझ यांचे काय चुकले. मला स्वतःला त्यांचे म्हणणे पटत नाही, कारण मुताई शर्यत जिंकलेलाच होता, फक्त एका गैरसमजाने अडला होता. पण वर्गातील निम्मी मुले फिझ यांच्या बाजूने उभी राहिली, तर तास अधिक रंगेल.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये उंच उडीचे सुवर्ण दोघांनी वाटून घेतले, याला खेळ म्हणायचे का?
— एक वाचक, पणजी

म्हणायचे. १ ऑगस्ट २०२१ रोजी कतारचा मुताझ बर्शिम आणि इटलीचा जियानमार्को ताम्बेरी या दोघांनी २.३७ मीटर उंची पार केली. २.३९ वर दोघेही तीन-तीनदा अपयशी ठरले आणि तोवरची त्यांची कामगिरी तंतोतंत सारखी होती. पुढे निर्णायक उड्या मारायच्या की नाही, हे ठरवण्याची मुभा नियमानेच खेळाडूंना दिलेली आहे. पॅरिसला २०२४ मध्ये न्यूझीलंडचा हमिश कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकिवेन यांच्यावर हीच वेळ आली, तेव्हा त्यांनी निर्णायक उड्या मारण्याचे ठरवले आणि कर जिंकला. दोन्ही निर्णय मला सारखेच आवडतात.

खाशाबा जाधवांवर हेलसिंकीत अन्याय झाला आणि त्यांनी तो निमूट सोसला. खिलाडूवृत्तीचा अर्थ सोसणे असा घ्यायचा का? तसा असेल तर आमच्या पोरांना तो शिकवायची आमची इच्छा नाही.
— एका तालमीचे वस्ताद, कोल्हापूर

वस्ताद, आपला प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबलो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ मध्ये लंडनला गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी त्यांना गावोगाव मदत मागावी लागली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदरमोड हा शब्दही येथे तोकडा पडतो. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी झुंजून हरल्यानंतर त्यांना लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हसमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ते भांडून सांगण्यासाठी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगाने लढले, हरले आणि बँटमवेट गटाचे कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातील ते पहिले ऑलिम्पिक पदक होते.

आखाड्यात उभे राहणे आणि नियमासाठी भांडणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसरे काम पहिलवानाचे नव्हे. त्याच्या मागे उभे राहणाऱ्यांनी ते करायचे असते. त्या दिवशी पहिलवान आपल्या जागी होता, दुसरी जागा रिकामी होती. या रिकाम्या जागेला खाशाबांच्या खिलाडूवृत्तीचे नाव देऊन आपण अधिकाऱ्यांची चूक झाकतो, असे मला वाटते. नंतरचा व्यवहारही त्याच प्रकारचा झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर, आणि पद्म पुरस्कार आजवर नाही. तेव्हा आपल्या पोरांना सलामी शिकवा, चीतपट झाल्यावर प्रतिस्पर्ध्याला हात देऊन उठवायला शिकवा, आणि नियमपुस्तिकाही शिकवा. गुणांबद्दल शंका असेल तर दाद कशी आणि किती वेळात मागायची, हे वस्तादाला तोंडपाठ हवे.

खाशाबांनी परतल्यावर काय केले, तेही तालमीत सांगण्यासारखे आहे. कराडला त्यांचे १५१ बैलगाड्यांच्या मिरवणुकीने स्वागत झाले. मिरवणूक संपल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः त्यांत लढले, आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकर सरांचे घर सोडवून दिले.