ईएलसीबी आहे, टेस्टर पेटत नाही, तरी रॉड बदलताना झटका

तुमची पोस्ट वाचताच दुखणं ओळखलं. गोव्यात डिचोलीला भर पावसात गेटचं वेल्डिंग, रॉड बदलताना कोपरापर्यंत झिणझिण्या, ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवूनही तो पडत नाही, आणि टेस्टर घेऊन आलेल्या माणसाने 'करंट नाही, तुम्हाला भास होतोय' म्हणून काढता पाय घेतला. भास नाही तो. मशीनच्या ज्या बाजूला रॉड धरायचा होल्डर असतो, त्या बाजूला टेस्टर आणि ईएलसीबी दोन्ही आंधळे असतात.

मास्क, बूट, सुती कपडे यावर लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणार.

मशीनच्या आत ट्रान्सफॉर्मर आहे (इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनमध्येही असतो, फक्त छोटा). घरच्या २३० व्होल्टची बाजू वेगळी, होल्डर आणि गेटला लावायच्या रिटर्नच्या चिमट्याची बाजू वेगळी, दोन्हींत तारेचा संबंध नाही. ईएलसीबी बघतो ते फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सारखा आहे की नाही. झटका लागतो तेव्हा करंट होल्डरमधून हातात, हातातून छातीतून दुसऱ्या हाताला, तिथून गेटमध्ये आणि चिमट्याने पुन्हा मशीनमध्ये येतो. मशीनमधून निघाला, मशीनमध्येच परतला. ईएलसीबीच्या हिशेबात काहीच कमी पडलं नाही, मग तो पडेल कशाला? टेस्टरचंही तेच. त्याचा निऑन दिवा तुमच्या अंगातून जमिनीकडे वाट शोधतो आणि ही बाजू जमिनीशी जोडलेलीच नाही. मल्टिमीटर घ्या, रॉड कशालाही न टेकवता होल्डर आणि चिमटा यांच्यामध्ये मोजा. साधारण ६० ते ८० व्होल्ट दिसतील. जुना ट्रान्सफॉर्मर सेट असेल तर मीटर एसीवर, इन्व्हर्टर असेल तर डीसीवर ठेवा.

७० व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. घामाने आणि पावसाने भिजलेल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो, म्हणजे ७० मिलिअँपिअर. दहाच्या पुढे मूठ आपोआप आवळते आणि होल्डर सुटत नाही. पन्नासच्या आसपास सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. तेवढ्याच व्होल्टला एसी डीसीपेक्षा वाईट, म्हणून पावसाळी कामाला जुना ट्रान्सफॉर्मर सेट मी तरी वापरू देणार नाही. व्हीआरडी असलेला इन्व्हर्टर मिळाला तर तोच घ्या. रॉड टेकलेला नसताना तो व्होल्टेज साधारण १२ ते ३० वर आणतो. डब्यावर छापलंय म्हणून विश्वास नको, दुकानातच मीटर लावून बघा.

ईएलसीबी मात्र काढू नका. मशीनच्या बॉडीत गळती झाली किंवा आतलं इन्सुलेशन फुटून २३० व्होल्ट होल्डरकडे आले तर वाचवणारा तोच. आपल्याकडे चिऱ्याच्या (जांभ्याच्या) जमिनीत अर्थिंगचा खड्डा चांगला लागतच नाही. दहा ओहम आला तरी फॉल्टचा करंट २३ अँपिअरच, आणि ३२ चा एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) तेवढ्याने हलत नाही.

आता खरी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. रिटर्नचा चिमटा तुम्ही कुठे लावता ते पोस्टमध्ये लिहिलेलं नाही. माझा अंदाज, 'जवळच्या पाइपला'. केबल आखूड पडते (डब्यातून येणारी जेमतेम दीडदोन मीटर), मग चिमटा विहिरीवरच्या पंपाच्या जीआय पाइपला, जिन्याच्या रेलिंगला किंवा पिलरमधून डोकावणाऱ्या सळीला. ठिणगी पडते, काम होतं, सगळे खूश. पण पंपाला घरच्या अर्थिंगची हिरवी वायर आहे. इकडे गेट ज्या शेडच्या खांबाला टेकलंय, त्या खांबावर अर्थ केलेला लोखंडी स्विचबोर्ड. मग शंभर अँपिअर गेटमधून खांबात, खांबातून बोर्डाच्या हिरव्या वायरीत आणि पंपाच्या हिरव्या वायरीतून चिमट्याकडे. एक-दीड एमएमच्या वायरीने शंभर अँपिअर किती वेळ सोसायचे? भिंतीतल्या पाइपात इन्सुलेशन वितळतं, कुठेतरी जॉइंट जळून तुटतो.

आणि कशालाच काही कळत नाही. एमसीबी पडत नाही, कारण मशीन नेहमीएवढाच करंट ओढतंय. ईएलसीबी पडत नाही, कारण वर सांगितलंच. घरातले दिवे चालू, पंप चालू, फ्रीज चालू. फक्त त्या दिवसापासून पंपाला आणि त्याच हिरव्या वायरीवर जे जे असेल त्याला अर्थ राहिलेला नाही. दोन महिन्यांनी पंपाचं वाइंडिंग बॉडीला लागतं आणि ओल्या पायांनी पाइप धरणाऱ्या बाईमाणसाला झटका बसतो. वेल्डरची आठवण कुणालाच येत नाही.

म्हणून चिमटा जॉबवरच (ज्या लोखंडावर काम चाललंय त्यावर), वेल्डच्या शिवणीपासून वीतभर अंतरावर, गंज आणि रंग ग्राइंडरने घासून पांढऱ्या झालेल्या लोखंडावर. गेटच्या बिजागरीपलीकडे नको, बिजागरीतून करंट गेला की तीही चिकटते. चिमटा गरम होत असेल तर तो नीट बसलेला नाही किंवा स्प्रिंग गेलीय. केबल दोन्ही बाजूंना सारखी आणि पुरेशी लांब, १२० अँपिअरपर्यंत १६ एमएम तांबं चालतं, पण मी २५ घेईन. टोकाला दाबून बसवलेला लग हवा, पिळून टेप मारलेला जॉइंट नको. मशीन जॉबवर ठेवायचं नाही, खाली सुक्या फळीवर. आधी कधी पाइपला चिमटा लावून काम केलं असेल तर आजच पंपाच्या बॉडीपासून मेन अर्थपर्यंत वायर सलग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. गेट नंतर.

इथे थोडं बोलू द्या. असं तपासून द्या म्हणून वीज खात्याच्या ज्या कार्यालयात माणूस अर्ज घेऊन जातो, तिथून उत्तर ठरलेलं, 'मीटरच्या पुढचं तुमचं, आमची लाइन ओके'. नियमाने ते चुकीचं नसेलही. पण टेस्टर टेकवून 'करंट नाही' असं सही करून द्यायचं आणि वर ईएलसीबी बसवा म्हणायचं, यात त्या माणसाचा वेळ जातो आणि खोटा धीर मिळतो तो वेगळाच. तसा कागद हाती आला की घरातले म्हणतात, सायबाने सांगितलंय ना, चालू कर. तुमच्या बाबतीत हेच झालेलं दिसतं. तसा कागद मिळाला असेल तर त्यावर विसंबू नका.

झिणझिण्यांचा उपाय साधाच आहे. रॉड बदलताना उघडा हात होल्डरला आणि दुसरा गेटला, हे बंद. चामड्याचे हातमोजे सुके हवेत, भिजलेला मोजा म्हणजे मोजा नाहीच. पावसात तीन जोड्या ठेवा, आळीपाळीने वाळवा. होल्डरचे जबडे तडकलेले असतील तर टेप मारू नका, नवीन घ्या. तो तापला म्हणून पाण्यात बुडवणारे आहेत, त्यांना नमस्कार. ओल्या चिऱ्यावर गुडघा टेकून काम करू नका, खाली सुकी प्लायवूड किंवा रबरी मॅट. केबल खांद्याला गुंडाळायची नाही. थांबलात की आधी मशीन बंद, मगच होल्डर ठेवा.

चवथीच्या (गणपतीच्या) आधी घाई असते म्हणून दोन मशीन एकाच शेडवर लावतात. दोन्हींचे होल्डर एकाच माणसाच्या हाताला लागतील इतके जवळ नकोत, उलट्या पोलॅरिटीने ७० आणि ७० मिळून १४० होतात. बार्जच्या टाकीत, चारी बाजूंनी लोखंड असताना, एकट्याने काम करायचंच नाही. बाहेर स्विचपाशी माणूस हवा. पत्र्याच्या शेडवर तर झिणझिणीनेही दचकून पाय सुटतो, तिथे झटक्यापेक्षा पडणं महागात पडतं. बेल्ट बांधा.

सप्लायबद्दल: १२ नंबरच्या बारीक रॉडला ८० अँपिअर लावले तर इन्व्हर्टर साधारण १४-१५ अँपिअर ओढतो, म्हणजे १६ चा सॉकेट काठावर चालतो. १० नंबरच्या जाड रॉडला १२० लावलेत की वीसच्या पुढे जातं, सॉकेट वितळतो. त्याला वेगळी लाइन आणि ३२ चा इंडस्ट्रियल सॉकेट. काडेपेटीच्या काड्या खोचून वायर अडकवली असेल तर बाकीचं काही वाचू नका, आधी ते काढा.

कुणी चिकटलाच तर त्याला ओढू नका, मेन पाडा. श्वास नसेल तर छाती दाबायला लागा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शुद्धीत आहे पण छातीत धडधड, चक्कर, क्षणभर डोळ्यांपुढे अंधार असं काही सांगत असेल तर ईसीजी काढल्याशिवाय घरी पाठवू नका. बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल लांब वाटलं तरी.

जीआय पाइप जोडताना जस्ताचा थर आधी घासा, नाहीतर त्याच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरते. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं तर बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, थंड पाण्याची पट्टी आणि सकाळी डोळ्यांचा डॉक्टर. बधिर करणारे थेंब कुणाकडून आणून पुन्हापुन्हा घालायचे नाहीत. मास्कची काच १० नंबरची, १५० अँपिअरच्या पुढे ११.

मी तुमची जागा पाहिलेली नाही, तेव्हा हे सगळं परवाना असलेल्या वायरमनला दाखवूनच करा. मशीनचं मेगर (इन्सुलेशनची तपासणी) करायला सांगाल तेव्हा ५०० व्होल्टवर इनपुट आणि होल्डरच्या बाजूमध्ये निदान ५ मेगाओहम हवेत, होल्डरची बाजू आणि बॉडी यांच्यामध्ये अडीच. जुना सेट पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यातही मोजा, दमट हवेत आकडा झरझर उतरतो. इन्व्हर्टर असेल तर मेगर सर्व्हिसवाल्याकडूनच करवून घ्या, घाईत लावला तर आतलं कार्ड उडतं आणि वॉरंटीवालाही हात वर करतो.