शंका-समाधान : ओंडक्यावर सरकणारा पिवळा थर

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारातील गुलमोहर गेल्या वर्षी पडला आणि त्याचा ओंडका तसाच कुजत पडला आहे. श्रावणातल्या झडीनंतर त्याच्या तळाशी फेटलेल्या अंड्यासारखा पिवळा थर दिसला. दुसऱ्या दिवशी तो वीतभर वर सरकला होता, आणि तिसऱ्या दिवशी त्याची खडूसारखी ठिसूळ वडी होऊन बोट लावताच काळपट भुकटी उडाली. शेजारी याला बुरशी म्हणतात, मुलाच्या पुस्तकात अशा जीवांना प्रोटिस्टा म्हटले आहे. खरे काय समजावे? यापासून काही अपाय आहे का?
— एक वाचक, गंगापूर रस्ता, नाशिक

उत्तर : आपण सलग तीन दिवस निरीक्षण केलेत हे फार चांगले झाले, कारण यातला कोणताही एकच दिवस पाहणाऱ्याला हा जीव ओळखणे अवघड गेले असते. वर्णनावरून ही फ्युलिगो सेप्टिका नावाची श्लेष्मबुरशी, म्हणजे स्लाइम मोल्ड, असावी. मराठी नावातला ‘श्लेष्म’ योग्य आहे. ‘बुरशी’ मात्र जुन्या समजुतीची खूण आहे.

पहिल्या दिवशी दिसलेला पिवळा थर म्हणजे एकच पेशी होती, असे म्हटले तर विश्वास बसणे कठीण आहे. पण ते खरे आहे. या अवस्थेला प्लाझ्मोडियम म्हणतात. तिच्यात केंद्रके असंख्य असतात, परंतु त्यांना वेगवेगळे करणाऱ्या भिंती नसतात, आणि आतला जीवद्रव शिरांसारख्या वाटांनी एकदा पुढे, एकदा मागे असा वाहत राहून संपूर्ण जीव पुढे सरकतो. वाटेत भेटणारे जीवाणू, यीस्ट, बुरशीचे बीजाणू यांना तो वेढून गिळतो. खरी बुरशी असे कधी करत नाही. ती कायटिनच्या भिंतीआड राहून बाहेर पाचकरस सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. अन्न संपले किंवा ओल हटू लागली की प्लाझ्मोडियम उंच, कोरड्या जागी चढतो आणि त्याचे बीजाणूंच्या भुकटीत रूपांतर होते. वडीचा खडूसारखा पापुद्रा खरोखरच चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, असतो. बीजाणू ओल्या जागी पडला की त्यातून अमीबासारखी किंवा शेपटीसारखे कशाभ असलेली पेशी बाहेर येते, अशा दोन पेशींचा संयोग होतो, आणि त्यानंतर केंद्रके दुणावत गेली तरी पेशी मात्र एकच राहून वाढत जाते.

असा जीव कोणत्या खणात ठेवावा, यावरून शास्त्रज्ञांची साडेतीनशे वर्षे ओढाताण झाली. १६५४ साली थॉमस पँकाऊ या जर्मन वैद्याने आपल्या वनस्पतिकोशात लायकोगाला या श्लेष्मबुरशीचे चित्र छापले, ते अळंब्याचा एक प्रकार समजून. लिनीअसने १७६३ मध्ये तुमच्या ओंडक्यावरच्या याच जातीला म्यूकर या बुरशीच्या प्रजातीत बसवले. १८२९ मध्ये स्वीडनच्या फ्रीस या बुरशीतज्ज्ञाने या सर्वांचा वेगळा गट केला, पण ठेवला बुरशींच्याच घरात. पुढे १८५९ मध्ये अँटोन डी बारी यांनी बीजाणूंतून अमीबा बाहेर पडताना पाहून हे जीव प्राण्यांच्या बाजूचे असल्याचे मांडले आणि त्यांना ‘मायसेटोझोआ’, म्हणजे बुरशी-प्राणी, असे नाव दिले. गंमत अशी की मुलाच्या पुस्तकातील पंचसृष्टी पद्धती, म्हणजे सर्व सजीवांची पाच गटांत विभागणी, ज्या व्हिटाकर या शास्त्रज्ञाची, त्यांनी स्वतः १९६९ च्या मांडणीत श्लेष्मबुरशींना कवकांतच ठेवले होते. प्रोटिस्टात त्या नंतर गेल्या. आज डीएनएच्या आधारे आपली फ्युलिगो अमीबोझोआ या मोठ्या शाखेत येते. बुरशी आणि प्राणी हे दोघे तिच्या शेजारच्या दुसऱ्या शाखेत एकत्र आहेत, त्यामुळे भाजीचे अळंबे हे नात्याने श्लेष्मबुरशीपेक्षा आपल्याला अधिक जवळचे ठरते. तेव्हा शेजारी चुकले आणि पुस्तक निम्मे बरोबर आहे. निम्मे अशासाठी, की प्रोटिस्टा हे एका वंशाचे नाव नसून इतरत्र न बसणाऱ्यांची धर्मशाळा आहे.

अपायाचे म्हणाल तर तो जीव ओंडक्याला, जमिनीला किंवा जिवंत झाडाला रोग लावत नाही. १९७३ साली अमेरिकेत डॅलसजवळच्या एका परसात हीच जाती उगवली तेव्हा लोक घाबरून गेले होते, पण ती आपोआप वाळून गेली. घरात कोणाला दमा असेल तर भुकटी उडवू नये, एवढी काळजी पुरे.

प्रश्न : द्राक्षबागेत उसाच्या पाचटाचे आच्छादन केले आहे. पावसात पाचटावर आणि खालच्या काही पानांवर राखाडी दाणेदार थर आला. फवारणी करावी का?
— एक बागायतदार, दिंडोरी तालुका

उत्तर : थर बोटाने पुसला जात असेल आणि त्याखालचे पान हिरवे, निरोगी असेल तर ती श्लेष्मबुरशी आहे. ती पानातून काहीच घेत नाही, केवळ बीजाणू उधळण्यासाठी त्यावर चढते. बुरशीनाशकावर खर्च न करता पाचट उलटेपालटे करून हवा खेळू द्यावी. डाग पानाच्या आत गेलेला असेल तर मात्र केवडा किंवा भुरी या रोगांची तपासणी करून घ्यावी. जाता जाता सांगतो, यातली भुरी ही खरी बुरशी आहे, पण केवड्याचा जीव ऊमायसीट गटातला, म्हणजे समुद्रातील तपकिरी शैवालांचा भाऊबंद आहे. कोबीच्या मुळांवर गाठी आणणारा प्लाझ्मोडिओफोरा मात्र बराच काळ श्लेष्मबुरशींत मोजला गेला. त्याचेही गोत्र आता रायझारिया हे वेगळेच ठरले आहे.

प्रश्न : श्लेष्मबुरशींचे प्रकार किती, आणि ते ओळखायचे कसे? अंजनेरीला जाऊन नमुने गोळा करण्याचा विचार आहे.
— एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : ‘श्लेष्मबुरशी’ हे आडनाव अनेक असंबंधित घराण्यांनी लावले आहे, हे आधी लक्षात घ्यावे. सर्वांत मोठे घराणे मिक्सोमायसीट्सचे. वर सांगितलेली फ्युलिगो त्यातलीच, आणि त्यात सुमारे १,००० जाती आहेत. दुसरे डिक्टिओस्टेलिडांचे, १५०हून अधिक जातींचे. हे मातीत सुटे अमीबा म्हणून राहतात आणि उपासमार झाली की रासायनिक हाकेसरशी हजारोंनी एकत्र येऊन गोगलगायीसारखा सरकणारा, मिलिमीटरभर लांबीचा गोळा बनवतात. परंतु पेशी एकमेकींत विरघळत नाहीत. केनेथ रेपर यांनी १९३५ मध्ये वर्णन केलेल्या डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियममध्ये सुमारे २० टक्के पेशी देठ होऊन मरतात आणि उरलेल्या बीजाणू होतात. ही दोन्ही घराणी अमीबोझोआतलीच. तशाच जमावाची युक्ती करणारे ॲक्रासिड मात्र फार दूरचे आहेत. वर्तमानपत्रांत ज्याला मेंदू खाणारा अमीबा म्हणतात, त्या नेग्लेरियाचे ते नातलग. आणि नात्याने खरोखर बुरशीच्या बाजूला बसणारी, पण जमाव करून देठावर बीजाणू धरणारी, फॉन्टिक्युला नावाची एक प्रजातीही आहे.

शिकाऊ माणसाने मिक्सोमायसीट्सपासून सुरुवात करावी. भुकटीचा रंग आधी पाहावा : फिकट, पिवळसर वा गुलाबी असेल तर ट्रिकिया, आर्सिरिया, लायकोगाला यांचा गट, काळी वा जांभळट-तपकिरी असेल तर फिझॅरम, फ्युलिगो, स्टेमोनायटिस यांचा. २०१९ साली डीएनए पाहून नवे वर्गीकरण मांडले गेले, त्यात जुने काही गण मोडले, पण एखादा अपवाद सोडता ही फिकट-गडद विभागणी टिकून राहिली. त्यानंतर फळाचा, म्हणजे बीजाणू धरणाऱ्या भागाचा, आकार, देठ आणि चुन्याचे कण पाहावेत. पिसासारखी, काळ्या देठांची तपकिरी जुडी दिसली तर स्टेमोनायटिस मानायला हरकत नाही.

अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र असल्याने तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नये, छायाचित्रे घ्यावीत. नमुन्यांसाठी डोंगर चढायची गरजही नाही. १९३३ मध्ये गिल्बर्ट आणि मार्टिन यांनी सांगितलेली पद्धत आजही वापरतात : आवारातील बाभूळ किंवा आंब्याच्या वाळलेल्या सालीचे चार तुकडे पेट्री डिशमध्ये टिपकागदावर ठेवावेत, ते बुडतील इतके शुद्ध पाणी घालून एक दिवस राहू द्यावे, मग जादा पाणी ओतून टाकून झाकण लावावे. तिसऱ्या दिवसापासून पुढे काही आठवडे भिंगाने रोज पाहावे. कधी देठावरचे टाचणीच्या डोक्याहून बारीक गोळे, कधी केवळ सरकणारी शीर दिसेल. फळ पिकले की तुकडा वाळवून रिकाम्या काडेपेटीच्या आतल्या खणात डिंकाने चिकटवावा, आणि झाडाचे नाव, ठिकाण, साल काढल्याची तारीख व फळ दिसल्याची तारीख त्याच दिवशी पेटीवर लिहावी.