छाटणी उरकली, आता तुमचे प्रश्न

एप्रिलात द्राक्षवेलींची खरड छाटणी उरकली की मी इंदूरला येते. माहेर रामबागेत, सासर दिंडोरी तालुक्यात. सासरी सात एकर वाईनची द्राक्षं आणि बागेच्या कडेलाच आमची छोटी वायनरी. राबणारी घरचीच पाच माणसं, छाटणीला आणि काढणीला पेठ-सुरगाण्याची टोळी. हंगाम संपला की जुन्या गिऱ्हाइकांना मी पानभर पत्र पाठवते. काय पिकलं, काय बिघडलं, नवीन काय, एवढंच त्यात असतं. यंदाचं पत्र संपादकांनी या मासिकाच्या मागच्या अंकात छापलं. शेनिन ब्लांक (आमची व्हाइट वाईन) यंदा थोडी, शिराझ या काळ्या द्राक्षाची रोजे (गुलाबी वाईन) पहिल्यांदाच, आणि मागच्या वर्षीची शिराझ (रेड) लाकडी पिंपातून बाटलीत, असं त्यात होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी जमतील तेवढे घेते.

प्रश्न : शेनिन कमी आली ती ‘मागच्या मेमधल्या पावसामुळे’ असं तुम्ही लिहिलंत. द्राक्षं तर फेब्रुवारीत निघतात. मेचा काय संबंध? (सुदामानगर)

हा प्रश्न मीही लग्नानंतर पहिल्या वर्षी सासऱ्यांना विचारला होता. युरोपात थंडीत वेल झोपतो, पानं गळतात, वर्षातून एकदा छाटलं की झालं. आपल्याकडे वेलाला झोप नाही, म्हणून छाटणी दोनदा. एप्रिलची खरड छाटणी काड्या तयार करायला, आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, ती फळासाठी. फळ एकदाच घ्यायचं.

घड दिसतो गोडी छाटणीनंतर, पण तो ठरतो त्याच्या कितीतरी आधी. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीवरच्या डोळ्याच्या आत सूक्ष्म घड तयार होतो. त्या दिवसांत ऊन हवं, कडक हवं. मागच्या मेमध्ये आमच्याकडे दहा-बारा दिवस आभाळ आणि पाऊस. लोक म्हणाले, बरं झालं, गारवा आला. सासरे ओट्यावर बसून एवढंच म्हणाले, ‘डोळे आंधळे झाले.’ मला वाटलं मोतीबिंदूचं बोलताहेत.

पुढे गोडी छाटणीनंतर डोळे फुटले तर कुठे घडाऐवजी नुसती बाळी (वेलाचा आधाराचा तंतू), कुठे बोटाएवढा घड, तोही पुढे जिरून गेला. दरवर्षी शेनिनची बारा टन निघतात, यंदा सात. एका टनाला साडेसहाशे लिटरच्या आसपास वाईन उतरते, म्हणजे सहा हजार बाटल्या. आदल्या वर्षी दहा हजारांवर होत्या. दर वाढवलेला नाही. जुन्या गिऱ्हाइकांना आधी देणार, एवढंच. ती अजून टाकीत निवळते आहे, जूनमध्ये बाटलीत येईल.

प्रश्न : रोजे म्हणजे रेड आणि व्हाइट मिसळून करतात का? आणि यंदाच का काढली? (लोकमान्यनगर)

मिसळून नाही. शिराझच्या मण्याचा गर पांढराच असतो, रंग सालीत. रस सालीवर बरेच दिवस ठेवला तर रेड, काही तास ठेवून गाळला तर रोजे.

यंदाच का, याचं खरं उत्तर पत्रात लिहायला लाज वाटली, इथे लिहिते. हौस नव्हती, नाइलाज होता. पाऊस ऑक्टोबरातही हटेना. डावणी या बुरशीरोगाच्या भीतीनं दसऱ्याच्या आत होणारी गोडी छाटणी दिवाळीपाशी गेली. मग काढणीही मार्चच्या उन्हात ढकलली गेली. उन्हात गोडी भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगानं उतरतो. नुसती गोड, बेचव रेड झाली असती. म्हणून अर्ध्या बागेत ब्रिक्स 21 लागल्या लागल्या तोडायचं ठरवलं. (ब्रिक्स म्हणजे रसातली गोडी. रसाचा थेंब काचेवर टाकून दुर्बिणीसारखी नळी उजेडाकडे धरायची आणि आकडा वाचायचा. रेडसाठी आम्ही 24 पर्यंत थांबतो.)

पहाटे चारला डोक्याला बॅटऱ्या लावून तोडणी केली, सातच्या आत क्रेट आत. मणी गार असतानाच चिरडले. मग मी आणि जाऊबाई दर अर्ध्या तासाला काचेच्या पेल्यात रस काढून खिडकीशी धरत होतो. दोन तासांनी कांद्याच्या सालीसारखा रंग. सासरे म्हणाले, थांबा अजून. तिसऱ्या तासाला गुलाबी. ‘थांबा.’ चौथ्या तासाला कोकम सरबतात पाणी जरा जास्त पडावं तसा. जाऊबाई सासऱ्यांना म्हणाल्या, ‘दादा, आता थांबलो तर शिराझच होईल.’ आणि त्यांनी उत्तराची वाट न बघता व्हॉल्व्ह उघडला. तीच ही रोजे. पुढच्या वर्षी असेल की नाही, सांगता येत नाही. छाटणी वेळेवर झाली तर बहुतेक नसेल.

प्रश्न : तुमच्याच बाटलीच्या तळाशी काचेसारखे बारीक खडे सापडले. घाबरून ओतून दिली. (विजयनगर)

अरेरे! ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक. द्राक्षात हे आम्ल मुळातच असतं, आणि बाटली फार दिवस फ्रीजमध्ये राहिली की त्याचे खडे तळाशी बसतात. तेच आम्ल चिंचेतही असतं. पुढच्या वेळी एक खडा जिभेवर ठेवून बघा, आंबट लागेल आणि हळूहळू विरघळेल. काच विरघळत नाही. मोठ्या वायनऱ्या बाटलीत भरण्याआधी वाईन शून्याच्या खाली नेऊन हे खडे टाकीतच पाडून घेतात. आम्हीही करतो, पण आमचं चिलर म्हातारं आहे आणि वीज जाते. तुमची बाटली बहुधा अशाच एका आठवड्यातली. सावकाश ओतली की खडे तळाशीच राहतात.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आणलेली शेनिन माळ्यावर जपून ठेवली होती. वाईन जितकी जुनी तितकी चांगली ना? उघडली तर रंग चहासारखा, वास शिजलेल्या सफरचंदाचा. (जुनी इंदूर)

माळ्यावर! इंदुरात मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. तुमची वाईन जुनी झाली नाही, शिजली. आणि ‘जुनी तितकी चांगली’ हे थोड्याच वाईनना लागू आहे. आमची शेनिन दीड-दोन वर्षांत संपवावी, शिराझ चार-पाच वर्षं टिकेल.

ठेवायची कुठे? घरातली सगळ्यात अंधारी, थंड, खालची जागा. जुन्या वाड्यांत कोठीची खोली असते, ती उत्तम. फ्लॅटमध्ये फ्रीजचा भाजीचा कप्पा. बूच लाकडी असेल तर बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते.

तुम्हाला बोलायचा मला फारसा अधिकार नाही. लग्नानंतर पहिल्याच मेमध्ये धुळे-शिरपूरकडून येताना सेंधव्याला जेवायला थांबलो. दोन बाटल्या डिकीत, गाडी उन्हात. तासाभरानं डिकी उघडली तर एकीचं बूच अर्धं वर आलेलं आणि माझ्या भावाच्या मुलीसाठी शिवलेल्या पांढऱ्या फ्रॉकवर शिराझ. तो डाग अजून आहे. फ्रॉकची मालकीण आता कॉलेजात जाते.

प्रश्न : ‘वाईन म्हणजे शेतमाल’ असं गोड बोलून तुम्ही दारूच विकता. आमच्या मासिकात हे कशाला? (रामबाग)

काका, अक्षर ओळखलं. शाळेत असताना तुम्ही आम्हाला पेटी शिकवायचात.

दारू आहे, हे मी नाकारत नाही. आमच्या शेनिनमध्ये साडेबारा टक्के अल्कोहोल. दीडशे मिलिलिटरचा एक पेला म्हणजे व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या पेगाच्या जवळजवळ दीडपट अल्कोहोल. ‘वाईन हलकी असते’ म्हणणाऱ्यांना मीच हा हिशेब ऐकवते. ‘हृदयाला चांगली’ हेही मी कुणाला सांगत नाही. अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं आहे. जो पीत नाही त्यानं आमच्यासाठी सुरू करू नये.

पण शेतमालही आहे, हे मात्र मागे घेणार नाही. 2001 मध्ये महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, तेव्हा सासऱ्यांनी खाण्याची थॉमसन काढून वाईनची द्राक्षं लावली. काही वर्षं करारानं माल दिला. मग एका वर्षी ऐन काढणीत खरेदीदारानं फोनवर सांगितलं, माल नको. वाईनचा मणी बारीक, सालीला जाड, आत बिया; बाजार समितीत त्याला कोण विचारतो? चाळीस क्रेट वेशीवर तीन दिवस सडत पडले, मधमाश्या घोंगावत होत्या. वायनरी त्यानंतर निघाली. मासिकात हे कशाला, ते संपादक सांगतील. पेटी अजून वाजवता का, ते कळवा.

प्रश्न : इंदूरला घरपोच पाठवाल का? (तिघांचा हाच प्रश्न, एक बडोद्याहून)

नाही. दारू हा राज्यांचा विषय आहे, प्रत्येक राज्याचा परवाना आणि कर वेगळा. आमचा परवाना मध्य प्रदेशात विकण्याचा नाही आणि कुरिअरनं आम्ही कुणालाही पाठवत नाही. वणीला, शिर्डीला येता तेव्हा वाट वाकडी करून या. परत नेण्याआधी मात्र आबकारी खात्याला नियम विचारून घ्या, माझ्या शब्दावर सेंधवा नाका ओलांडू नका. बडोद्याच्या ताईंना काय सांगू? गुजरातेत दारूबंदी. आमच्याकडे बसूनच प्या, मुक्कामाला खोली आहे.

प्रश्न : आपल्या खाण्याबरोबर कुठली जाते? की चीजच हवं? (स्नेहलतागंज)

चीज आमच्या घरात फक्त मुलांच्या डब्यात असतं. मागच्या थंडीत भावाकडे गरम गराडू (तळलेला कंद), वर जिरावण मसाला आणि लिंबू, आणि बरोबर गार शेनिन घेतली होती. तेलकटपणा एका घोटात धुऊन निघाला. भुट्ट्याच्या किसाबरोबर नाही जमली, दुधाची गोडी आडवी येते. पोह्याबरोबर विचारूच नका, सकाळी आठला कोण पितं! रोजे परवा शेवेबरोबर चाखली. लवंगी शेवेपुढे ती पार लपली, साध्या बारीक शेवेला बरी. शिराझला वहिनीचं काळ्या मसाल्याचं मटण. गराडू आता थंडीतच मिळणार, तोवर यंदाची शेनिन बाटलीत आलेली असेल.