अमेरिकेत इमिग्रेशन वकील फेडरल कोर्टात नेमकं काय करतो? आणि 'कम्युनिटी सर्व्हिस' खरी असते की नुसती प्रोफाइलवर लिहायला?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि पुढे अमेरिकेत इमिग्रेशनची वकिली करायची मनात आहे. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं हेच करतोय, म्हणून उत्तर देतो.

फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टातलं माझं बरंचसं काम म्हणजे रखडलेल्या इमिग्रेशन अर्जांवर सरकारला बोलतं करणं. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण काहीतरी बोला. अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टाकडे परमादेश (मँडेमस), म्हणजे सरकारी खात्याला आपलं काम करायला लावणारा आदेश, मागतात हे तुम्ही शिकलाच असाल. इथेही मँडेमस आहे, पण ते सर्वात खालच्या फेडरल कोर्टात, म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्टात, साध्या दिवाणी दाव्यासारखं दाखल होतं. अशी ९४ कोर्टं आहेत. आधार दोन कायद्यांचा: एक १९६२ चा मँडेमसचा, दुसरा १९४६ चा प्रशासकीय कार्यपद्धतीचा. सरकारी खात्याने समोर आलेलं काम वाजवी वेळात उरकावं, असं दुसऱ्यात लिहिलंय. वाजवी म्हणजे किती, यावरच सगळी भांडणं. १९८४ च्या एका निकालापासून कोर्टं त्यासाठी सहा निकष लावतात. त्यातला मला सर्वात उपयोगी पडणारा निकष असा की नुसत्या पैशाचं नुकसान होत असेल तर उशीर एक वेळ खपेल, पण माणसाच्या तब्येतीचा आणि जगण्याचा प्रश्न असेल तर तेवढा खपणार नाही.

मेख अशी की मँडेमसमध्ये कोर्टाकडे 'निर्णय द्यायला सांगा' एवढंच मागता येतं, 'मंजूर करायला सांगा' असं नाही. दावा लावला की तीन वर्षं कपाटात पडलेली फाइल कुणीतरी उघडून पहिल्यापासून वाचतं. म्हणून अशील आल्या आल्या माझा पहिला प्रश्न असतो, "फाइलमध्ये असं काही आहे का, जे कुणी न वाचलेलंच बरं?" यावर जे गप्प होतात, त्यांना मी घरी पाठवतो. फी बुडते, पण माणूस वाचतो.

एक केस जरा सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. परळच्या गिरणीत उभं आयुष्य काढलेले एक आजोबा मुलाकडे इथे आले, ग्रीन कार्डवर वीसेक वर्षं राहिले आणि मग नागरिकत्वाला अर्ज करायचं त्यांनी ठरवलं. वय पन्नासच्या वर आणि ग्रीन कार्डला वीस वर्षं झालेली असतील (किंवा पंचावन्न आणि पंधरा), तर इंग्रजीची परीक्षा माफ असते. इतिहास-नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाषी घेऊन मराठीतही देता येतात. आमच्याकडच्या कितीतरी आई-वडिलांना हे माहीतच नसतं, आणि ते इंग्रजीच्या धास्तीने अर्जच करत नाहीत. आजोबांचे प्रश्न पाठ होते. सुप्रीम कोर्टात न्यायाधीश किती, तर नऊ, हे ते झोपेतही सांगायचे.

अडलं दुसरीकडेच. अर्जात एक प्रश्न असतो: तुम्ही जगात कुठेही, कधीही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होता का, किंवा त्याच्याशी कोणत्याही प्रकारे संबंध होता का? मुलाने घरी फॉर्म भरताना 'नाही' लिहिलं होतं. आमच्या मोफत शिबिरात मी तोच प्रश्न मराठीत विचारला, तर आजोबा ताठ बसून म्हणाले, "लाल बावट्याचा मेंबर होतो ना मी. मोर्चाला पुढे असायचो." मुलाचा चेहरा पडला.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. युनियनची वर्गणी भरणं म्हणजे पक्षाचं सदस्यत्व नव्हे, आणि नागरिकत्वाचा कायदा पक्षाचं सदस्यत्वही अर्जाआधीच्या दहा वर्षांतलंच बघतो. पण फॉर्मवर 'कधीही' लिहिलेलं असताना 'नाही' ठोकून दिलं तर खोटेपणाचा ठपका येतो, आणि तो लाल बावट्यापेक्षा कितीतरी महागात पडतो. आम्ही 'हो' लिहिलं, सोबत गिरणी कामगारांच्या युनियन म्हणजे काय हे समजावणारं एक पानी पत्र जोडलं. मुलाखत चांगली झाली. शेवटी हातात कागद पडला: निर्णय तूर्त देता येत नाही.

मग वर्ष गेलं. कायदा म्हणतो की मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय आला नाही, तर अर्जदाराने थेट डिस्ट्रिक्ट कोर्टात जावं. कोर्ट स्वतः निर्णय देऊ शकतं किंवा इमिग्रेशन खात्याला मुदत घालून फाइल परत पाठवू शकतं. दावा दाखल केला. त्याच्या प्रती तीन ठिकाणी जातात: जिल्ह्याचा सरकारी वकील, वॉशिंग्टनला अॅटर्नी जनरल आणि संबंधित खातं. सरकारला उत्तराला ६० दिवस. आजोबा दर आठवड्याला फोन करून विचारायचे, "तारीख पडली का?" कोर्टात उभं राहायचं म्हणून त्यांनी कोट इस्त्री करून ठेवला होता. तारीख पडलीच नाही. मुदत संपत आली तेव्हा सरकारी वकिलाचा फोन आला, मुदत थोडी वाढवून द्याल का, दरम्यान खातं निर्णय देतंय. पुढच्या महिन्यात शपथविधीचं पत्र आलं आणि आम्ही दावा मागे घेतला. न्यायाधीशाचं तोंडही कुणी पाहिलं नाही. माझ्याकडच्या उशिराच्या बहुतेक केसेस अशाच संपतात. कोर्टात जोरजोरात युक्तिवाद करण्याचं स्वप्न असेल, तर हे आत्ताच ऐकून ठेवा.

आता फीचं गणित, कारण तुम्ही ते आडून विचारलंय. दाव्याची कोर्ट फी ४०५ डॉलर, हेबियस कॉर्पसची (कोठडीतल्या माणसाच्या सुटकेसाठीच्या अर्जाची) फक्त ५. सरकारची बाजू सबळ नसताना तुम्ही जिंकलात तर वकिलाचा खर्च सरकारने द्यावा, असा १९८० चा कायदा आहे. पण सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये सांगितलं की समोरच्याने निकालाआधी आपणहून काम करून टाकलं, तर त्याला जिंकणं म्हणत नाहीत. त्यामुळे सरकारने मुदत संपता संपता निर्णय दिला की आमच्या खर्चाच्या अर्जाला अर्थच उरत नाही. माझं ऑफिस चालतं ते एच-१बी (कुशल कर्मचाऱ्यांचा व्हिसा) नाकारलेल्या कंपन्यांच्या दाव्यांवर. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आजोबांसारख्यांचं काम त्याच पैशांतून होतं.

आता शिबिराबद्दल, म्हणजे तुमच्या 'कम्युनिटी सर्व्हिस'च्या प्रश्नाबद्दल. एका हॉलमध्ये शनिवारी टेबलं मांडतो आणि चहाचा थर्मास ठेवतो. बघणाऱ्याला वाटतं, फुकट सल्ला वाटतायत. मला मात्र तिथेच कळतं की पुढे कोर्टात काय येणार आहे. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे वाढदिवस १ जूनला आहेत, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. नवरा-बायको दोघांची जन्मतारीख १ जून, दोन्ही व्याह्यांचीही १ जून. इथल्या अधिकाऱ्याला वाटतं, कागद बनावट आहेत. बायकांचं तर माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव आधी वडलांचं मग नवऱ्याचं, दाखल्यावर 'बाई' आणि पासपोर्टवर नाही. प्रत्येक नाव पार्श्वभूमी तपासणीत वेगळं धरलं जातं. हे आधीच प्रतिज्ञापत्राने सांधून ठेवलं, तर पुढचा दावाच टळतो.

आणि फॉर्मवरचा एक चौकोन आहे, ज्याच्याबद्दल मी प्रत्येक शिबिरात ओरडून सांगतो. १९९३ च्या कायद्यामुळे ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवरच मतदार नोंदणी विचारतात. घाईत 'मी अमेरिकन नागरिक आहे' यावर खूण झाली, की ग्रीन कार्डचा रस्ता बंद होऊ शकतो, आणि त्याला माफीची तरतूदही जवळजवळ नाही. पंकजकुमार पटेल यांचं हेच झालं. जॉर्जियात लायसन्सच्या नूतनीकरणाच्या फॉर्मवर त्यांनी नागरिक असल्याची खूण केली. चुकून झाली, असं त्यांचं म्हणणं. नागरिक नसतानाही ते त्या लायसन्सला पात्र होते, म्हणजे खोटं बोलून मिळवायचं काहीच नव्हतं. इमिग्रेशन न्यायाधीशाला ते पटलं नाही. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि मे २०२२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: ग्रीन कार्डसारख्या सवलतीच्या अर्जात इमिग्रेशन न्यायाधीशाने तथ्य चुकीचं ठरवलं असलं, तरी फेडरल कोर्टांना ते तपासता येणार नाही. माझ्या मते हा निकाल चुकीचा आहे, पण कायदा आज तोच आहे. म्हणूनच मी म्हणतो, जे कोर्टात दुरुस्त होणार नाही, ते हॉलमध्येच दुरुस्त करावं लागतं.

वर 'इमिग्रेशन न्यायाधीश' म्हटलं, त्यावरून एक सांगतो. इमिग्रेशन कोर्ट न्यायपालिकेचा भागच नाही. ते न्याय खात्याखाली येतं, आणि तिथल्या न्यायाधीशाची नेमणूक अॅटर्नी जनरल करतो. तिथे सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, समोर लहान मूल असलं तरी. त्यावरचं अपील पुन्हा त्याच खात्याच्या मंडळापुढे, आणि त्यानंतर ३० दिवसांत सर्किट कोर्टात, म्हणजे फेडरल अपील कोर्टात. आमचं फिलाडेल्फियाला.

एच-४ वाल्या (म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरच्या) बायकांच्या वर्क परमिटचा दावा तुमच्या ओळखीत कुणाला तरी आठवत असेल. जानेवारी २०२३ मध्ये त्यात तडजोड झाली आणि नवऱ्याच्या अर्जासोबतच बायकोचाही अर्ज निकाली काढायला सुरुवात झाली. पण तडजोडीला मुदत होती, दोन वर्षांची, आणि ती २०२५ च्या जानेवारीत संपली. आपल्याकडे असे विजय बरेचदा तारखेसकट येतात.

२०२५ पासून माझा वेळ सर्वात जास्त खातं ते हेबियस कॉर्पस. त्या वर्षी सरकारने अनेकांना जामिनाची सुनावणीच नाकारायला सुरुवात केली. घरच्यांचा फोन येतो, माणूस सकाळी कामावर गेला तो आलाच नाही. अर्ज तो ज्या जिल्ह्यात कोठडीत आहे तिथेच लावावा लागतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याला विमानाने लुइझियाना किंवा टेक्सासला हलवलं की कोर्ट बदलतं. म्हणून आधी अर्ज, मग बाकीची चौकशी. अशा दिवशी जेवण विसरायचं.

तुमच्यापुरतं बोलायचं तर भारतीय पदवीवर न्यूयॉर्कच्या बार परीक्षेची पात्रता तिथलं बोर्ड तपासून ठरवतं. कुणाला थेट बसू देतात, कुणाला एलएलएम करून उणीव भरावी लागते. परवान्याआधी ५० तास मोफत काम सक्तीचं आहे, ते डिटेन्शनमधल्या लोकांसाठी करा. इमिग्रेशन कायदा फेडरल असल्याने एका राज्याचा परवाना खात्यापुढे आणि इमिग्रेशन कोर्टात देशभर चालतो. डिस्ट्रिक्ट कोर्टात मात्र त्या त्या कोर्टाची परवानगी लागते.

आणि पुण्यात आहात तोवर एक काम करा. जन्माची नोंद नसल्याचा दाखला ग्रामसेवकाकडून कसा मिळवायचा, आणि १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १३(३) खाली उशिरा नोंद करण्याचे अधिकार २०२३ च्या दुरुस्तीनंतर कुणाकडे गेले, हे एकदा प्रत्यक्ष तालुक्याला जाऊन शिकून घ्या. इथे माझ्या ऑफिसात तीन हुशार सहकारी आहेत. त्यांतल्या एकालाही ते येत नाही.