नवीन एम्ब्रॉयडरी मशीन: आधी एवढंच सांभाळा

ताई, गणपतीतल्या मंडळांच्या टी-शर्टची ऑर्डर घ्यायची घाई नको, आधी चिंध्यांवर हात बसवा. मशीन हजारावर पळत असलं तरी मिनिटाला ६००-७०० टाके पुरेत.

सगळ्यात जास्त माल बिघडतो तो फ्रेम (कापड धरून ठेवणारी चौकट) लावताना. टी-शर्टचं कापड ओढून बसवलं, की भरताना छान दिसतं आणि फ्रेम काढताच लोगोभोवती चुण्या पडतात. सपाट बसवा, ताणू नका. खाली कट-अवे बॅकिंग (कापडाला आधार देणारं अस्तर, भरून झाल्यावर जादा भाग कापायचा) हवंच.

धागा तुटला की लगेच टेन्शन (धाग्याचा ताण) पिळू नका. आधी बघा:
- धागा नीट ओवलाय का
- सुई बोथट किंवा उलटी बसलीय का (७५/११ नंबरची घ्या, टी-शर्टला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची)
- बॉबिन केसमध्ये (खालच्या धाग्याच्या रिळाच्या डबीत) कचरा आहे का

मग टेन्शन. सॅटिन टाक्याच्या (शेजारी-शेजारी दाट भरलेल्या टाक्यांच्या) मागे मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या पांढऱ्या धाग्याचा दिसला पाहिजे, दोन्ही कडांना रंगीत.

हुकला (बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाला) रोज एक थेंब तेल, आणि त्यानंतर चिंधीवर थोडं भरून घ्या, नाहीतर पहिल्याच शर्टवर डाग पडतो. बारीक देवनागरी अक्षरं सध्या घेऊच नका, वेलांट्या बुजतात. डिजिटायझिंग (डिझाइनची मशीनला कळणारी फाइल बनवणं) बाहेरून करून घ्या, ते नंतर शिकता येईल.